व्यावसायिक गोलंदाज (काउंटी क्रिकेट)

इंग्लंडमधील काउंटी (परगणा) संघाकडून मोबदला घेऊन गोलंदाजी करणारा खेळाडू. ‘धंदेवाईक’ हा शब्दही मराठीत रूढ आहे; मात्र त्याला हिणवल्याची छटा असल्याने येथे तो टाळला आहे.

या पेशाचा आरंभ कोठे मानावा याविषयी मतभेद आहेत. अठराव्या शतकात उमराव मंडळी चांगल्या खेळाडूंना माळी किंवा मोतद्दार म्हणून पदरी ठेवत; काही अभ्यासक उगम तेथे शोधतात. इतर जण नॉटिंगहॅमचा मंदगती गोलंदाज विल्यम क्लार्क याने १८४६ मध्ये उभारलेल्या फिरत्या संघाकडे बोट दाखवतात. क्लार्कचे खेळाडू सामन्यागणिक पैसे घेत. बांधलेली नोकरी काउंटी क्लब स्थिरावल्यावरच आली आणि यॉर्कशरमध्ये लॉर्ड हॉक यांच्या पुढाकाराने हिवाळी वेतनही मिळू लागले. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध हाच आरंभकाळ धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

हौशी फलंदाजांना नेटमध्ये चेंडू टाकणे हे या नोकरीतले नित्याचे काम. हौशी व व्यावसायिक यांची प्रवेशदारे वेगळी असत. धावफलकाच्या छापील कागदावर हौशी खेळाडूची आद्याक्षरे आडनावाच्या आधी, तर व्यावसायिकाची नंतर येत. मिडलसेक्सचा तरुण ऑफस्पिनर फ्रेड टिटमस याची आद्याक्षरे चुकून आधी छापली गेली, तेव्हा लॉर्ड्सच्या ध्वनिक्षेपकावरून जाहीर दुरुस्ती करण्यात आली, असे सांगतात. हा अपमानकारक भेद १९६२ च्या अखेरीस रद्द झाला.

पगार बेताचा असल्याने उतारवयाची भिस्त ‘बेनिफिट’वर, म्हणजे दीर्घ सेवेनंतर खेळाडूसाठी नेमलेल्या सामन्याच्या उत्पन्नावर असे. पाऊस पडला की वर्षानुवर्षांची आशा वाहून जाई. या रकमेवर प्राप्तिकर लागतो का, हा वाद केंटचा फलंदाज जेम्स सीमूर याच्या १९२० च्या बेनिफिटवरून उमराव सभेपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत, गेला. ही रक्कम म्हणजे कामाचा मोबदला नसून कौतुकाची वैयक्तिक भेट होय, म्हणून ती करमुक्त, असा निकाल १९२७ मध्ये लागला. याउलट लँकशर लीग या क्लब संघांच्या स्पर्धेत खेळणारा ऑस्ट्रेलियन लेगस्पिनर ब्रूस डूलंड याच्या बाबतीत, विशिष्ट कामगिरीनंतर प्रेक्षकांत झोळी फिरवण्याचा हक्क करारातच लिहिलेला होता. त्यामुळे ते पैसे करपात्र ठरले (१९५५). म्हणजे कराराने हक्क दिला होता का, हा प्रश्न येथे निर्णायक ठरला.

बळींच्या संख्येत यॉर्कशरचा डावखुरा विल्फ्रेड ऱ्होड्स (१८७७–१९७३) अग्रस्थानी आहे. कोणते सामने प्रथम श्रेणीचे धरायचे यावर एकमत नसल्याने त्याचे बळी ४,१८७ किंवा ४,२०४ दिले जातात. यॉर्कशरकडून तो १८९८ ते १९३० खेळला. केंटचा लेगस्पिनर ‘टिच’ फ्रीमन याने १९२८ च्या हंगामात ३०४ बळी घेतले. एका हंगामात तीनशेचा पल्ला अन्य कोणीही गाठलेला नाही. त्याचे एकूण बळी ३,७७६, पण कसोटी सामने फक्त १२. इतक्या सातत्याची ही उपेक्षाच म्हणावी लागेल.

१९६८ पासून परदेशी खेळाडूंना काउंटी संघाकडे थेट नोंदणीची मुभा मिळाली. श्रीरामपूरचा झहीर खान याने २००६ मध्ये वूस्टरशरकडून काउंटी अजिंक्यपद स्पर्धेत ७८ बळी घेतले आणि त्याच वर्षाअखेरीस तो भारतीय संघात परतला.