मेन लाइनवर जोडलेलं फुफ्फुस

माझ्या मामेभावाचा मुलगा पिंपळगावचा, बारा वर्षांचा. तीन वर्षांत त्याला चार वेळा न्यूमोनिया झाला आणि दर वेळी डाव्या फुफ्फुसाच्या तळाशी, त्याच जागी. औषधांनी ताप उतरायचा, द्राक्षांच्या गोडी छाटणीच्या सुमारास पुन्हा खोकला. टीबीचाही संशय घेऊन झाला. शेवटी नाशिकला सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन, केली, तेव्हा महाधमनीतून (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीतून) निघून थेट फुफ्फुसात शिरलेली, पेन्सिलीएवढी जाड रक्तवाहिनी पडद्यावर दिसली.

द्राक्षबागायतदाराला हे लगेच कळेल. फुफ्फुसात शुद्ध व्हायला येणारं रक्त फुफ्फुसधमनीतून येतं, सरासरी 15 मिलिमीटर पाऱ्याच्या आसपासच्या दाबाने. महाधमनीतला सरासरी दाब 90 च्या घरात. म्हणजे ड्रिपची लॅटरल, वेलींपाशी जाणारी बारीक नळी, थेट मोटरीच्या मेन लाइनवर जोडल्यासारखं. श्वासनलिकांना पोसणाऱ्या बारीक धमन्या महाधमनीतून येतात, ते नेहमीचंच. पण गर्भात विरून जायला हवी अशी एखादी फांदी राहून गेली, तर ही अशी जाड वाहिनी तयार होते.

बऱ्याचदा तिच्यावर पोसलेला फुफ्फुसाचा तुकडा श्वासनलिकेपासून तुटलेला असतो. त्यातला कफ बाहेर पडायला वाटच नाही, म्हणून तो पुन्हा पुन्हा पिकतो. कधी थुंकीतून रक्त पडतं. या अलग तुकड्याचं नीट वर्णन 1946 मध्ये मर्लिन प्राइस या वेल्श पॅथॉलॉजिस्टने केलं. पेनिसिलिनवाल्या फ्लेमिंगचा हा जुना सहकारी. मुलाचा न्यूमोनिया दोनदा एकाच जागी झाला, तर छातीचे जुने एक्स-रे शेजारी ठेवून बघा म्हणून डॉक्टरांना जरूर विचारावं.

इलाज दोन. तुकड्याला श्वासनलिका नीट जोडलेली असेल, तर जांघेतून कॅथेटर (बारीक नळी) नेऊन ती वाहिनी धातूच्या बारीक कॉइलने किंवा प्लगने बुजवता येते. छाती उघडावी लागत नाही. पण वारंवार पिकलेला तुकडा आत ठेवून भागत नाही. तो काढावाच लागतो, हल्ली बहुधा दुर्बिणीतून. इथे खरी जोखीम त्या वाहिनीची. ती फुफ्फुसाच्या तळच्या घडीत लपलेली असते. नकळत कापली गेली, तर तिचं टोक आखडून श्वासपटलाखाली सरकतं आणि धो धो रक्तस्राव होतो. म्हणून सीटीचा नकाशा हातात असल्याशिवाय सर्जन सुरी लावत नाहीत.

आमच्या पोराची वाहिनी आधी शोधून दोनदा बांधली, मगच खालचा खंड काढला. चौथ्या दिवशी छातीतली नळी निघाली. यंदाच्या छाटणीला तो वडिलांबरोबर बागेत होता, बिनखोकल्याचा.