वाहणारा डोळा: नातवाचा आणि आजीचा

ग्वाल्हेरला डोळ्यातून पाणी आलं की दोष कुणाला द्यायचा हे ठरलेलं असतं. मेमध्ये लू, जानेवारीत बोचरा वारा आणि बारा महिने धूळ. चार दिवसांचं पाणी असेल तर ते खरंही असतं. पण एकाच डोळ्यातून महिनोन्‌महिने पाणी गळत असेल, सकाळी पापण्या चिकटत असतील, तर अश्रुनलिका तुंबल्याचा संशय घ्यावा. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या मराठी घरांत तीन पिढ्या एकत्र असतात, तिथे ही तक्रार पाळण्यातल्या नातवाची असते आणि आजीचीही. नातवासाठी सगळे घाईला येतात. आजी मात्र ‘वय झालं, चालायचंच’ म्हणत वर्षानुवर्षं पदरानं डोळा टिपत राहते. खरं तर व्हायला हवं याच्या उलट.

वरच्या आणि खालच्या पापणीला नाकाकडच्या टोकाशी एकेक बारीक छिद्र असतं. अश्रू तिथून अश्रुपिशवीत आणि पुढे हाडातल्या नळीनं नाकात उतरतात. म्हणून तर रडताना नाकही वाहतं. काही बाळांमध्ये या नळीचं नाकातलं तोंड जन्मानंतरही पातळ पडद्यानं बंद असतं. अशा दहापैकी साधारण नऊ बाळांचा पडदा वर्षाच्या आत आपोआप उघडतो.

तोवर करायचा तो मसाज. तो बहुतेक घरांत होतो, पण चुकीच्या जागी. नाकाच्या दांडीवरून तेलाचं बोट फिरवून काही होत नाही. नख कापलेलं, स्वच्छ धुतलेलं बोट डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाला लागून ठेवायचं; तिथे दाबायचं आणि दाब न सोडता बोट खाली सरकवायचं. पिशवीतलं पाणी वर न येता खाली ढकललं जावं आणि त्या जोरानं पडदा फाटावा, हा त्यातला हेतू. क्रिगलर या डॉक्टरांनी १९२३ साली सांगितलेली ही पद्धत आजही पहिला उपचार आहे. दर वेळी पाच-दहा दाब, दिवसातून तीन-चार वेळा. एकदा डॉक्टरांसमोर करून दाखवावं, कारण दाब किती हे वाचून कळत नाही. चिपडं उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसानं पुसावीत. काजळ बंद. डोळ्यात आईचं दूध घालणंही बंद, आजी कितीही रागावली तरी. अँटिबायोटिकचे थेंब पू येत असेल तेव्हाच, तेही डॉक्टरांनी दिले तर. पडदा थेंबांनी उघडत नाही.

वर्षाच्या आसपासही पाणी थांबलं नाही, तर भूल देऊन नळीत बारीक सळई घालतात. याला प्रोबिंग म्हणतात. काम काही मिनिटांचं आणि बहुतेक मुलांना एकदाच पुरतं. नाहीच जमलं तर काही महिने सिलिकॉनची नळी ठेवतात किंवा फुग्यानं मार्ग रुंद करतात.

थांबायचं नाही अशा खुणाही आहेत. बाळ उजेडाकडे बघत नाही, बुबुळ मोठं किंवा धुरकट दिसतं, तर तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. जन्मतःच डोळ्याच्या कोपऱ्याखाली निळसर गाठ असेल किंवा तिथे लाल, दुखरी सूज आली असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आता आजी. आधी नळी खरंच बंद आहे का ते पाहायचं, कारण कोरड्या डोळ्यांतूनही पाणी येतं. डॉक्टर पापणीच्या छिद्रातून मिठाचं पाणी सोडतात. घशात खारट लागलं तर वाट मोकळी. तेच पाणी उलटं डोळ्यात आलं, तर कुठेतरी अडलंय. मोठ्यांची नळी सहसा जुन्या सुजेनं आकसलेली असते, त्यामुळे मसाज किंवा सळई फारशी टिकत नाही. वाट पाहून ती उघडतही नाही.

उपाय म्हणजे डीसीआर. नाकाजवळच्या हाडात खिडकी पाडून अश्रुपिशवी थेट नाकाला जोडतात. इटलीतल्या टोटी यांनी १९०४ मध्ये ही शस्त्रक्रिया मांडली. बाहेरून केली तर नाकाशेजारी बारीक व्रण राहतो; दुर्बिणीनं नाकातून केली तर तोही नाही. अनुभवी हातांत दोन्हींचं यश नव्वद टक्क्यांच्या आसपास असतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं असेल, तर मात्र हे आधी. पिशवीत पू साचलेला असताना डोळा उघडला, तर जंतू आत शिरून नजरच जाऊ शकते. फार थकलेल्या रुग्णांची पिशवीच काढून टाकतात; संसर्ग जातो, पाणी थोडं येत राहतं.

‘दिल्लीला न्यावं का?’ हा आपल्याकडचा ठरलेला प्रश्न. साध्या डीसीआरसाठी नाही. आजीला रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ते तारीख घेतानाच सांगा. ऑपरेशननंतर डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाक जोरात शिंकरू देऊ नका.