बीआरटीएसची लेन खरंच रिकामी होती का?

रामबागेत असो की राजवाड्यावर, इंदूरच्या मराठी मंडळींत एक वाक्य अजून ऐकू येतं: ‘एबी रोडवरची बीआरटीएसची लेन रिकामी पडून असायची, म्हणून बाकी रस्ता तुंबायचा.’ बीआरटीएस म्हणजे रस्त्याच्या मधोमध रेलिंग लावून बससाठी राखलेली लेन. ती रिकामी दिसायची, हे खरं. पण हिशेब वेगळा आहे.

निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, सुमारे ११.५ किमीचा हा मार्ग २०१३ मध्ये सुरू झाला. समजा दर दोन मिनिटांनी एक आयबस (या लेनमधली बस) आणि तिच्यात ६० माणसं. तासाला १,८०० जण गेले! बस नजरेसमोरून काही सेकंदांत निघून जाते. उरलेला वेळ डांबर मोकळंच दिसणार. त्याच लेनमधून, सिग्नलला थांबत, तासाला ७०० मोटारी गेल्या आणि मोटारीमागे दीड माणूस धरला, तर जेमतेम १,०५०. लेन मात्र गच्च!

तक्रारी सगळ्याच खोट्या नव्हत्या. रस्त्याच्या मधोमध असलेल्या स्टॉपवर पोचणं आजी-आजोबांच्या जिवावर यायचं. पण त्यावर उपाय सोयीचं क्रॉसिंग हा होता. २०२५ मध्ये हायकोर्टाने हा बीआरटीएस मार्ग हटवायला परवानगी दिली. रेलिंग गेलं की बसही मोटारींच्याच रांगेत उभी राहते, आणि रांगेतली बस सोडून लोक स्कूटर काढतात.