नसलेलं पुस्तक शोधायची वेळ ग्रंथपालावर कशी आली

मागच्या दिवाळीनंतर आमच्या वाचनालयात एमए करणारा एक मुलगा आला, काउंटरवर मोबाईल पुढे केला, त्यात पाच पुस्तकांची यादी. लेखक ओळखीचे, प्रकाशक पुण्याचे, सालंसुद्धा दिलेली. एक पुस्तक लगेच मिळालं. बाकीच्यांसाठी आमच्या ग्रंथपाल मॅडमनी कपाटं पालथी घातली, शेवटी प्रकाशकांना फोन केले तेव्हा कळलं की त्यातली तीन कुणी लिहिलेलीच नाहीत. यादी चॅटजीपीटीने दिली होती.

आता संदर्भसेवा म्हणजे मुळात काय, तर वाचकाने अर्धवट सांगायचं आणि ग्रंथपालाने पुरतं शोधायचं, "ते निळ्या कव्हरचं, जाडजूड" एवढ्यावरसुद्धा. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, त्या काळी सूची म्हणजे छापील यादी नाहीतर सरळ ग्रंथपालाचं डोकं. १९३१ मध्ये भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथनांनी ग्रंथालयासाठी पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं वाचकाचा वेळ वाचवा. मग प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीचं एक कार्ड, अशा कार्डांचे ड्रॉवर, मग कॉम्प्युटर. पण यात एक गोष्ट कधी बदलली नाही, आधी पुस्तक हातात यायचं, वाचनालयाच्या नोंदवहीत दाखल क्रमांक पडायचा, त्यानंतर कार्ड. म्हणजे कार्ड आहे तर पुस्तक कधीतरी होतं, भले आज ते वाळवीने खाल्लेलं असो. १९९८ ला गुगल आलं तरी तेसुद्धा कुठेतरी असलेलंच पान दाखवायचं, भले पानावर काहीही खरडलेलं असो.

३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि हा क्रमच उलटा झाला. ते कपाटात बघत नाही हो, कुठल्या शब्दानंतर कुठला शब्द शोभेल तो लावत जातं, आणि ग्रंथसूचीतली ओळ तर इतकी ठरलेल्या साच्याची, लेखक, नाव, प्रकाशन, साल, की ती हुबेहूब जमते. आता सर्च जोडलेला असतो म्हणून जरा बरं, पण मे २०२५ मध्ये अमेरिकेतल्या शिकागो सन-टाइम्स या वर्तमानपत्राच्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचायच्या १५ पुस्तकांची एआयकडून करून घेतलेली यादी आली त्यातली १० पुस्तकं अशीच बिनअस्तित्वाची, खऱ्या लेखकांच्या नावावर खपवलेली!

मराठीत तर आणखी पंचाईत. कॉम्प्युटर आले तेव्हा आपल्याकडे नोंदी युनिकोडच्या (म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर अक्षरं सारखीच वाचता येतील अशा पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप झाल्या, फॉन्ट गेला की नुसती अगम्य चिन्हं, आणि कितीतरी गावांतल्या वाचनालयांची पुस्तकं तर आजही फक्त दाखल नोंदवहीत. नेटवर जे नाहीच ते मशीन शिकणार कुठून, मग अंदाजपंचे. माझं मत विचाराल तर एआयला शिव्या घालण्याआधी त्या वह्या युनिकोडमध्ये चढवा.

त्या मुलाचं पाचवं पुस्तक मात्र सापडलं. लेखक तोच, नाव वेगळं, साल चुकलेलं. मॅडमना ते नोंदवहीत मिळालं, कॉम्प्युटरवर कुणी चढवलंच नव्हतं.