अक्करमान्सिया म्युसिनिफिला

माणसाच्या मोठ्या आतड्यात, आतल्या भिंतीवरच्या बुळबुळीत थरात राहणारा एक उपकारक जीवाणू. आकाराने लंबगोल, ग्रॅम-ऋण (ग्रॅमच्या रंगचाचणीत जांभळा रंग न धरणारा) आणि अवायुजीवी, म्हणजे मोकळ्या हवेत न वाढणारा. निरोगी प्रौढाच्या विष्ठेतील एकूण जीवाणूंत त्याचा वाटा साधारण १ ते ४ टक्के असतो. शेकडो जातींच्या गर्दीत एकट्या जातीचा एवढा वाटा लहान म्हणता येत नाही. मूल वर्षाचे होईपर्यंत तो बहुधा आतड्यात मुक्कामाला आलेला असतो. आईच्या दुधातील, बाळाला न पचणाऱ्या काही शर्कराही त्याला पचवता येतात. लठ्ठपणा आणि दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असलेल्या अनेकांत तो कमी आढळतो, आणि त्यामुळेच गेली वीस वर्षे त्याच्यावर बारकाईने संशोधन चालू आहे.

नेदरलँड्समधील वाखेनिंगेन विद्यापीठात म्युरिएल देरियां, विलेम दे व्होस आणि सहकाऱ्यांनी तो वेगळा काढला आणि २००४ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. आतड्यातील श्लेष्मावर, म्हणजे त्या बुळबुळीत स्रावावर, कोण कोण जगते हे त्यांना शोधायचे होते. म्हणून त्यांनी जीवाणू वाढवण्याच्या द्रवात म्युसिन हे श्लेष्मातील शर्करायुक्त प्रथिन तेवढे अन्न म्हणून ठेवले. एका निरोगी माणसाच्या विष्ठेतून त्या द्रवात हा जीवाणू तरारून वाढला. डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आंतून अक्करमान्स (१९४०–२००६) यांच्या सन्मानार्थ त्याला पहिले नाव मिळाले. दुसऱ्या नावाचा अर्थ ‘म्युसिन आवडणारा’.

हा श्लेष्म म्हणजे आतड्याचे संरक्षक कवच. भिंतीतील चषकपेशी तो अखंड स्रवत असतात. मोठ्या आतड्यात त्याचे दोन थर असतात. भिंतीला चिकटलेला आतला थर घट्ट असतो व त्यात जीवाणू जवळजवळ नसतात. बाहेरचा थर सैल असतो आणि तिथे त्यांची वस्ती असते. मग जो हे कवचच खातो त्याला उपकारक कसे म्हणायचे? या प्रश्नाचे उत्तर त्याच्या खाण्याच्या परिणामात आहे. तो म्युसिनमधील शर्करा तोडतो तेव्हा काही शर्करा आजूबाजूच्या जीवाणूंना मिळतात, आणि त्याच्या स्वतःच्या पचनातून अ‍ॅसिटेट व प्रोपिओनेट ही लघुशृंखल मेदाम्ले तयार होतात. शेजारचे जीवाणू त्या शर्करा आणि अ‍ॅसिटेट वापरून ब्युटिरेट बनवतात, आणि ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशींचे मुख्य इंधन आहे. प्रोपिओनेट बनवायला लागणारे ब-१२ सारखे द्रव्य त्याला स्वतःला करता येत नाही. ते एखादा शेजारी पुरवतो. उंदरांना हा जीवाणू दिल्यावर पातळ झालेला श्लेष्मस्तर पुन्हा जाड झालेला दिसला. थोडक्यात, कवचाचा वापर आणि त्याची नवी घडण हे दोन्ही एकत्र चालते, आणि भिंतीतील पेशींना पोषण मिळत असेल तर घडण मागे पडत नाही.

चयापचयाशी त्याचा संबंध बेल्जियममधील लूव्हें विद्यापीठातील पात्रिस कानी यांच्या गटाने उलगडला. मेदयुक्त आहारावर वाढवलेल्या उंदरांत आतड्याची भिंत गळकी होते, मृत जीवाणूंच्या बाह्य आवरणातील लायपोपॉलिसॅकराइड हे द्रव्य रक्तात झिरपते, त्याने शरीरभर मंद दाह धुमसत राहतो आणि पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा होतात, हे कानी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले होते. २०१३ मध्ये त्यांनी लठ्ठ उंदरांना चार आठवडे अक्करमान्सिया पाजला. चरबी घटली, रक्तातील ते द्रव्य कमी झाले आणि इन्शुलिनचा परिणाम सुधारला. प्रखर उष्णतेने पुरते मारलेले जीवाणू मात्र निरुपयोगी ठरले.

पुढचा शोध अनपेक्षित होता. ७० अंश सेल्सियसला अर्धा तास तापवलेला, म्हणजे पाश्चरीकरण केलेला जीवाणू मेलेला असूनही जिवंत जीवाणूपेक्षा अधिक गुणकारी ठरला (२०१७). त्याच्या बाह्य आवरणावर अमक-११०० हे प्रथिन असते. ते या तापमानाला टिकते आणि आतड्याच्या पेशींवरील टीएलआर-२ या संवेदकाला जाऊन भिडते. म्हणजे परिणामाचा निदान काही भाग जीवाणूच्या जगण्यावर अवलंबून नाही, त्याच्या अंगावरील खुणेवर आहे. उपकारक जीवाणू जिवंतच पोटात गेले पाहिजेत या रूढ समजुतीला यामुळे धक्का बसला. त्याच जीवाणूने स्रवलेले आणखी एक प्रथिन उंदरांत जीएलपी-१ हे भूक आणि साखर आवरणारे संप्रेरक वाढवते, असे २०२१ मध्ये दिसले.

माणसांवरील पहिली चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. वजन जास्त असलेल्या आणि इन्शुलिनचा परिणाम मंदावलेल्या ३२ जणांनी तीन महिन्यांची ही चाचणी पूर्ण केली. रोज एक हजार कोटी जीवाणू, काहींना जिवंत, काहींना पाश्चरीकृत, आणि काहींना निव्वळ फसवे औषध, म्हणजे जीवाणू नसलेली नकली मात्रा. पाश्चरीकृत गटात फसव्या औषधाच्या तुलनेत इन्शुलिन-संवेदनशीलता सुमारे २९ टक्के वाढली आणि एकूण कोलेस्टेरॉल सुमारे ९ टक्के उतरले. वजन सरासरी सव्वादोन किलोने कमी झाले, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला नाही. चाचणी लहान होती, हे विसरून या आकड्यांची जाहिरात करणे रुग्णांवर अन्याय करणारे आहे. २०२५ मध्ये चीनमध्ये मधुमेही रुग्णांवर झालेल्या चाचणीने महत्त्वाची भर घातली : ज्यांच्या आतड्यात हा जीवाणू मुळात कमी होता त्यांच्यात तो रुजला आणि त्यांचे वजन व साखर सुधारली. ज्यांच्यात तो आधीच भरपूर होता त्यांना लक्षणीय फायदा झाला नाही. रिकाम्या जागी बी पेरणे आणि भरल्या शेतात पेरणे यात जो फरक, तोच हा.

मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे औषध, जे आपल्याकडे घरोघरी घेतले जाते, उंदरांत या जीवाणूचे प्रमाण वाढवते. मेटफॉर्मिन घेणाऱ्या रुग्णांतही तो अधिक आढळला आहे. औषधाच्या गुणाचा काही वाटा आतड्यातून येतो, असे मानायला यामुळे आधार मिळतो.

रोगप्रतिकारशक्तीशी त्याचे नाते अधिक गुंतागुंतीचे आहे. आतड्यातील बहुतेक रहिवासी जीवाणूंकडे प्रतिकारयंत्रणा शांतपणे दुर्लक्ष करते. अक्करमान्सियाला मात्र ती ओळखून त्याच्याविरुद्ध खास टी-पेशी आणि प्रतिपिंडे तयार करते, आणि तरीही आजार होत नाही. २०१९ च्या उंदरांवरील या संशोधनात असेही दिसले की या टी-पेशी पुढे कोणत्या वळणावर जातील हे आतड्यात सोबतीला कोणते जीवाणू आहेत यावर ठरते. कर्करोगाच्या उपचारांत त्याचे नाव २०१८ मध्ये आले. फ्रान्समधील गुस्ताव्ह रूसी संस्थेत लॉरेन्स झित्व्होगेल यांच्या गटाला असे आढळले की फुप्फुस आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावर पीडी-१ हा प्रतिकारपेशींवरचा लगाम रोखणारी औषधे ज्यांना लागू पडली त्यांच्या आतड्यात हा जीवाणू अधिक होता. ज्यांना ती लागू पडली नाहीत अशा रुग्णांची विष्ठा उंदरांत रुजवली तर उंदरांतही औषध फसले. मग तोंडावाटे अक्करमान्सिया देताच ते चालू लागले. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ३३८ रुग्णांच्या २०२२ मधील अभ्यासात हा जीवाणू असलेले रुग्ण एकंदरीत अधिक जगले, परंतु ज्यांच्यात तो बेसुमार वाढला होता त्यांची स्थिती वाईट होती.

हे ‘बेसुमार’ का घातक ठरू शकते याचा एक धागा २०१६ च्या प्रयोगात मिळतो. एरिक मार्टेन्स आणि महेश देसाई यांच्या गटांनी जंतुविरहित उंदरांत माणसाच्या आतड्यातील निवडक १४ जीवाणू वसवले आणि आहारातील तंतू पूर्ण काढून टाकले. उपाशी वसाहत श्लेष्मावर तुटून पडली. अक्करमान्सियासह श्लेष्म खाणारे जीवाणू वाढले, कवच पातळ झाले आणि त्यानंतर दिलेल्या रोगजंतूने त्या उंदरांना गंभीर आजार झाला. एरवी कवच सांभाळणारा जीवाणू उपासमारीत ते झिजवणाऱ्यांत सामील होतो. मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सनच्या रुग्णांत तो सरासरीपेक्षा जास्त आढळतो हेही इथेच नोंदवायला हवे, अर्थात तो कारण आहे की परिणाम हे या नोंदींवरून ठरत नाही.

आपल्याकडे ‘पोटातील चांगले जीवाणू’ म्हटले की दही-ताक आठवते. पण अक्करमान्सिया दह्यात नसतो. दह्यातील लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणू वेगळ्या कुळातले आहेत. त्याला आधार मिळतो तो तंतुमय अन्नातून. कांदा, लसूण आणि गव्हात असलेल्या फ्रुक्टान या तंतूंच्या गटातील ऑलिगोफ्रुक्टोज उंदरांना दिल्यावर त्याचे प्रमाण कित्येक पटींनी वाढले. ज्वारी-बाजरीची भाकरी, सालासकट कडधान्ये आणि पालेभाज्या इतर जीवाणूंना अन्न पुरवतात, त्यामुळे श्लेष्मावरील भार हलका होतो. युरोपीय संघाने २०२२ मध्ये पाश्चरीकृत अक्करमान्सियाला नवे अन्न म्हणून मान्यता दिली. ती फक्त प्रौढांसाठी आहे, गर्भवती आणि स्तनदा स्त्रियांना त्यातून वगळले आहे, आणि रोजची कमाल मात्रा ३,४०० कोटी पेशी इतकी ठरवली आहे.