लिकुआला नेण्यापूर्वी: पानं का करपतात आणि काय करावं

मार्च उजाडला की आमच्या नर्सरीत फोन सुरू होतात. "गोल पानांच्या त्या पामच्या कडा तपकिरी झाल्यात, कोणतं औषध मारू?" बहुतेक वेळा कीड नसतेच. कुंडी गच्चीत किंवा पश्चिमेच्या बाल्कनीत ठेवलेली असते. पाम म्हटला की नारळासारखा उन्हात चालणार, असं धरून चालतात आणि तिथेच घात होतो.

गोल पानांचा हा पाम म्हणजे लिकुआला ग्रँडिस, दक्षिण प्रशांत महासागरातल्या वानुआटूचा (१९८०पर्यंत न्यू हेब्रीडीज) आणि त्याच्या उत्तरेकडच्या सांताक्रुझ बेटांचा. तिथल्या वर्षावनात तो मोठ्या झाडांच्या पोटात वाढतो. पूर्ण वाढला तरी उंची साधारण ३ मीटर, त्यामुळे सावली त्याला जन्मभराची. ऊन वरच्या पानांतून गाळून येतं, वारा झाडांनी अडवलेला असतो, हवा दमट असते. म्हणूनच दोन-तीन फूट रुंदीचं, न चिरलेलं, घड्याघड्यांचं पान त्याला पेलतं. तेच पान आपल्याकडच्या एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात ठेवलं, तर मुळं पाणी पोचवण्याआधीच कडा सुकतात. दुपारचं ऊन लागलं की पान आधी पिवळट पडतं, मग करपतं. जोराच्या वाऱ्यात ते घडीवर चिरतं.

करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. नवं पान मधल्या पोंग्यातून मिटलेल्या घड्यांसह वर येतं आणि सावकाश उलगडतं. वर्षाला मोजकीच पानं येतात. चार दिवसांच्या उन्हाची खूण त्यामुळे पुढे वर्ष-दीड वर्ष झाडावर दिसत राहते. घाईने सगळी पानं छाटू नका, उरलेला हिरवा भागच झाडाला पोसतो. फार खटकत असेल तर तपकिरी कड कात्रीने कापा, पण हिरव्यात शिरू नका. पोंग्याला मात्र हात लावायचा नाही. खोडाला वाढीचं टोक एकच असतं, ते गेलं की झाड गेलं. आणि करपलेल्या झाडाला खत घालू नका, त्याने मुळांवर आणखी ताण येतो.

जागा कशी हवी? पूर्वेची बाल्कनी, आंब्याखालचा कोपरा, खिडकीजवळचा भरपूर उजेड. कोवळं ऊन चालतं. एसीचा झोत थेट पानांवर नको. माती ओलसर हवी, पण कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. बोअरचं पाणी खारट असेल तर पावसाचं पाणी साठवून वापरा, पानांची टोकं चांगली राहतात. देठांना बुडाशी काटे असतात, त्यामुळे घरात लहान मुलं असतील तर कुंडी वाटेत ठेवू नका.

आम्ही रोप देण्याआधी जागेचा फोटो मागतो, त्याचा काहींना राग येतो. पण करपलेलं रोप बदलून देणं आम्हाला परवडत नाही. याचं बी रुजायलाच कित्येक महिने लागतात, पुढची वाढही संथ. किमतीचं कारणही तेच. आमची रोपं शेडनेटखाली वाढलेली आहेत, सावलीच्या जागेत ती लगेच रुळतात. जागा उन्हाचीच असेल तर आम्ही बिस्मार्किया सुचवतो. तो मादागास्करच्या मोकळ्या माळरानांतला, निळसर-राखाडी पानांचा पंखा पाम, ऊन त्याला मानवतं. त्याला जागा मात्र ऐसपैस लागते. दोन्ही पाम आमच्या नर्सरीत शेजारीशेजारी ठेवले आहेत, येऊन बघा.

रोप नेताना उघडा टेम्पो टाळा, वाऱ्याने वाटेतच पानं फाटतात. आम्ही पानं वर गोळा करून सुतळीने सैल बांधून देतो. कुंडी ठरलेल्या जागी टेकल्यावरच ती सुतळी सोडा.