आल्फ्रेड हायोश

आल्फ्रेड हायोश (१८७८-१९५५) हा बुडापेस्टचा पोहणारा, धावपटू, फुटबॉलर आणि आर्किटेक्ट. जन्मनाव आर्नोल्ड गुटमान, पण पोहायला लागल्यावर यानं हायोश हे नाव घेतलं, हंगेरियनमध्ये त्याचा अर्थ खलाशी. तो १३ वर्षांचा असताना वडील डॅन्यूब नदीत बुडून गेले आणि तेव्हाच यानं ठरवलं की आपण पोहण्यात पक्कं व्हायचं.

१८९६ च्या अथेन्स ऑलिम्पिकला गेला तेव्हा वय १८, आर्किटेक्चरचा स्टुडंट. तिथं स्विमिंग पूल वगैरे काही नाही, पिरियसजवळ झेआच्या खाडीत, एप्रिलच्या गार समुद्रात शर्यती. १०० मीटर त्यानं १ मिनिट २२.२ सेकंदात जिंकली, आणि १२०० मीटरला तर बोटीतून लांब समुद्रात नेऊन सोडलं, आता पोहत या किनाऱ्याला! यानं अंगाला चरबीचा जाड थर फासला होता तरी थंडी वाजायची ती वाजलीच, जिंकण्यापेक्षा जिवंत परत येण्याचीच काळजी जास्त होती असं त्यानं नंतर सांगितलंय. तरी दुसऱ्या नंबरच्या अडीच मिनिटं पुढे. (त्या वर्षी पहिल्या नंबरला चांदीचंच पदक द्यायचे, गोल्ड नव्हतंच.) पोहायला कुठं शिकलास असं युवराजानं विचारल्यावर "पाण्यात" असं उत्तर दिलं म्हणतात. कॉलेजच्या डीनला मात्र याचं काही कौतुक नव्हतं, पदकं राहू दे, पुढच्या परीक्षेत काय उत्तरं देतोस ते बघतो, असा एकूण सूर.

१८९८ मध्ये गडी १०० मीटर धावणं, ४०० मीटर हर्डल्स आणि थाळीफेक या तिन्हींत हंगेरीचा चॅम्पियन. मग फुटबॉल, बीटीसी क्लबकडून फॉरवर्ड, १९०१ आणि १९०२ ची लीग जिंकली, आणि हंगेरीची पहिली इंटरनॅशनल मॅच (१९०२, व्हिएन्ना) पण खेळला, ती ऑस्ट्रियाकडून ०-५ हरले ते सोडा. १९०६ ला नॅशनल टीमचा कोच.

१९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकात कलेच्याही स्पर्धा असायच्या, तिथं देझ्यो लाउबरबरोबर केलेल्या स्टेडियमच्या प्लॅनला सिल्व्हर मिळालं, गोल्ड त्या प्रकारात कुणालाच दिलं नाही. खेळ आणि कला दोन्हीत ऑलिम्पिक पदक मिळवणारे सगळे मिळून दोनच, दुसरा अमेरिकेचा वॉल्टर वायनान्स. बुडापेस्टच्या मार्गारेट बेटावरचा १९३० चा इनडोअर पूल हायोशचंच डिझाइन, १९७५ पासून त्याला याचंच नाव आहे.